आढीत घातलेली अंजिरं

बा, अंजीर कधी तोडायचं हे तू मला हातावर चापट मारून शिकवलंस. विहिरीजवळच्या झाडांना तेव्हा पहिलाच बहर आला होता. जांभळं दिसलं म्हणून मी एक फळ ओढलं आणि देठातला पांढरा चीक माझ्या बोटांवर आला. मारून झाल्यावर तू शेजारचं फळ दाखवलंस. ते देठाशी वाकून खाली लोंबत होतं, सालीला बारीक भेगा पडल्या होत्या. "रंगावर जाऊ नको, पोरी. मान टाकली का पाह्य. बोट लावलं की हातात आलं पायजे. अन हा काही आंबा नोहे, गवतात घालून पिकवाले. कच्चं तोडलं तं गेलं." चापट मी विसरले, बोलणं नाही.

झाडं तू लावलीस, पण घागरींनी पाणी घातलं ते मायनं. ती कोरडवाहू गावातली, अंजीर तिनं आपल्याकडेच पहिल्यांदा पाहिलं. तोडायचं काम तू तिला कधी दिलं नाहीस. टोपली घेऊन अमरावतीच्या बाजारात मात्र तीच बसायची, आणि परतताना तिची चाल वेगळी असायची. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

पुढच्या वर्षी कापसाचा भाव चढला. दूर कुठे लढाई जुंपली आहे, विलायतेला आपलाच कापूस पाहिजे, असं दलाल सांगायचा. लोकांनी गुरांची कुरणंसुद्धा नांगरली. तू विहिरीजवळचा तुकडाही मोकळा करायचं ठरवलंस. झाडांवर फळं होती, सगळी हिरवी.

"महिनाभर थांबा ना," माय म्हणाली. "झाडं लदबदली हायेत."

तू कुऱ्हाडीला धार लावत होतास. "तोडून आढीत घाल. आंबे पिकते तसे पिकतीन."

"पिकतीन ना पण?"

"मी सांगून राहिलो ना."

मी टोपली धरून उभी होते. मी तोंड उघडलं, तेवढ्यात तू माझ्याकडे पाहिलंस.

मायनं कोठीत गवताचे थर देऊन अंजिरं निजवली. रोज सकाळी गवत बाजूला करून एखादं दाबून पाहायची आणि मला सांगायची, "नरम होऊन राहिले वाटते." ती नरम होत नव्हती, सुरकुतत होती. शेजारीण डोकावून म्हणाली, "काहून वं, गोटे उबवून राहिली का?" मायही हसली. मग बुरशी आली तेव्हा तिनं सगळी म्हशीपुढे टाकली, आणि म्हशीनंही तोंड फिरवलं. तुला ती एका शब्दानं बोलली नाही.

झाडं तुझी होती, ती तू तोडलीस. पण ती फळं पिकणार नाहीत, एवढं एक वाक्य तुला बोलवलं नाही. तिच्या रडण्याचा तुला कंटाळा होता, दुसरं काही नाही.

भाव पडला, पाठोपाठ पटकीनं तू गेलास. मामानं आम्हाला अकोल्याला आणलं, मला शाळेत घातलं. आपल्या घरात अक्षर ओळखणारी मी पहिली. आता मी मुलींना शिकवते. त्यांना सांगते, बाईला अडाणी ठेवायला पाटीच हिसकावी लागते असं नाही. जे तिला कळायला हवं ते तिच्यापासून लपवलं तरी पुरतं. मुली ऐकून घेतात.

मामाच्या परसात मायनं अंजीर लावलं आहे, यंदा धरलंही. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून पिकलं की नाही ते मी पाहते. मघाशी ती माझ्याजवळ येऊन बसली.

"कोनाले लिहून राहिली?"

"बाले."

तिनं कागदाची कड चाचपली. "मंग लिही, या खेपेले झाडावरच पिकू देले. त्या साली मलेच आढी लावता आली नाई, थर चुकले माहे. लिहिलं का?"

"लिहिलं," मी म्हणाले.

थर चुकले नव्हते, हे मीही तिला सांगितलं नाही. तिला वाचता येत नाही.