डाळमिलच्या पटांगणावरची जोडी

यावल,
१८ नोव्हेंबर १९९७

प्रिय कौतिकभाऊ,

सकाळपासून तीन कागद फाडले, हा चौथा. हा फाडायला आता वेळ नाही, म्हणून सुचेल तसं लिहिते आहे. अक्षराकडे बघू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. केळी कापणीला आली आहेत, हे सकाळीच मळ्यात गेले, दोघी मुली शाळेत. घर रिकामं झालं की मला एका जागी बसवत नाही. स्वयंपाकघरातल्या फरशीवर मी अजून टाचेवर गिरकी घेते. सत्तावीस वर्षांची बाई! सासूबाईंची चाहूल लागली की भांडी आवरायला लागते.

भाऊबीजेला धुळ्याला आले तेव्हा तू मला तुझ्या शाळेतल्या मुलांचा स्केटिंगचा सराव दाखवायला नेलंस. दोन पोरं हात धरून उलटी सरकत होती आणि तू कडेला उभा राहून सांगत होतास, पायांकडे नको, एकमेकांच्या डोळ्यांत बघा. अभिमन सर आपल्याला हेच सांगायचे. मला तिथे उभं राहवेना. डोकं दुखतंय म्हणून मी घरी परत आले. डोकं दुखत नव्हतं.

सर भुसावळच्या रेल्वे कॉलनीत स्केटिंग शिकलेले, आपल्या शाळेत पीटीला आले आणि त्यांनी आपल्याला चार चाकांच्या बुटांवर उभं केलं. तू पंधराचा, मी बाराची. जळगावात गुळगुळीत जमीन होती ती एकच, आबा हमाली करायचे त्या मिलचं डाळ वाळवायचं सिमेंटचं पटांगण. संध्याकाळी डाळ उचलली की ते आपलं. तुरीचा एक दाणा चाकाखाली आला तरी माणूस आडवा व्हायचा, म्हणून दिवसभर पोती वाहिलेले आबा आपल्यासाठी सगळं पटांगण दोनदा झाडायचे. सरांनी आपली जोडी बसवली, त्यात तू मला डोक्यावर उचलायचास. परक्या मुलाने मला तसं उचललं असतं, तर गल्लीने आपल्याला जगू दिलं नसतं. भाऊ-बहीण म्हणून ते खपलं. दुसऱ्या कुठल्याही घरातून तुला जोडीदारीण मिळाली नसती, हे आपल्या दोघांनाही ठाऊक होतं. पुढे जे झालं ते यावरूनच झालं.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरातली राष्ट्रीय स्पर्धा आठव. सगळ्यांना आपलं रौप्यपदक आठवतं, मला शेवटची उचल आठवते. तू मला डोक्यावर धरून तीन गिरक्या घ्यायचास. वरून मला फक्त छताचे पत्रे फिरताना दिसायचे आणि खालून तुझा श्वास ऐकू यायचा. त्या दिवशी तिसऱ्या गिरकीला तो थांबला. माझ्या कमरेखालचा तुझा हात थरथरत होता. तू मला हसतहसत खाली ठेवलंस, परीक्षकांना काही कळलं नाही. परदेशातल्या स्पर्धेसाठी मे महिन्याच्या शिबिराला आपली निवड झाली. परतीच्या गाडीत तू रात्रभर उभा होतास. मी बस म्हटलं तर म्हणालास, बसून कंटाळा आलाय.

भाऊ, जानेवारीत तुझ्या बुटात मला डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. तू घरात पाय मुरगळला म्हणून सांगितलं होतंस. मी ती चिठ्ठी घेऊन आबांबरोबर त्यांच्याकडे गेले. डॉक्टर म्हणाले, मी तुमच्या मुलाला दोनदा बजावलंय, तो हसून निघून जातो. मणक्यातली गादी सरकली आहे. असंच वजन उचलत राहिला तर वर्षाच्या आत एक पाय कामातून जाईल. बाहेर आल्यावर आबा दवाखान्याच्या पायरीवर बसले. तुला सांगून तू थांबला नसतास. तू माझ्यासाठीच उचलत होतास, मला परदेश दाखवायचा म्हणून. जोडीदारीणच उरली नाही, तरच तू थांबणार होतास.

मग मी आबांना म्हणाले, "माझं लग्न करून टाका."

होय, मी म्हणाले. ते माझ्याकडे बघेनात. चार दिवस ते मिलमधून मुद्दाम उशिरा घरी येत राहिले. पाचव्या दिवशी मला जवळ बसवून शपथ घातली. म्हणाले, "त्याले माहीत पडलं तं तो जन्मभर सोताले दोष देईन. मले वाईट म्हनू दे. मी बाप शे, मले चालतं."

हळदीच्या दिवशी तू भर मांडवात त्यांना म्हणालास, "तुम्ही माझ्या बहिणीचे पाय तोडले." ते मान खाली घालून विड्याची पानं पुसत राहिले. त्यानंतर तू धुळ्याला गेलास तो त्या घरी परत आलाच नाहीस. नऊ वर्षं दर भाऊबीजेला तू माझ्यासमोर आबांबद्दल नाही नाही ते बोलतोस आणि मी चहात बिस्कीट बुडवत बसते. शपथ होती, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. त्या थरथरत्या हातानंतर मला वर जायचीच भीती वाटायला लागली होती. लग्न मी तुझ्या पाठीसाठी मागितलं की त्या भीतीपासून सुटायला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. शिवाय तू मला बिचारी म्हणायचास, ते मला आवडायचं. आबांच्या जिवावर मी बिचारी झाले.

आता हे पत्र टपालात का टाकलं नाही ते सांगते. परवा आबा इकडे आले. मिलचं काम सुटलंय, जळगावात करमत नाही. जेवताना विचारलं, धुळ्याची गाडी किती वाजता. मी म्हटलं, भाऊ दार उघडणार नाही. म्हणाले, "नाही तं नाही. नातवाले दुरून पाहीन अन् वापस येईन." म्हणून ही शपथ मी मोडते आहे आणि पत्र त्यांच्याच खिशात ठेवते आहे. वहिनीसाठी पापडांचं प्रमाण लिहून दिलंय, असं त्यांना सांगितलंय. त्यांना वाचता येत नाही. तू हे वाचतो आहेस म्हणजे ते तुझ्या दारात उभे आहेत. तू म्हटल्याशिवाय ते बसणार नाहीत. माझ्यावर राग काढायला पुढची भाऊबीज आहे. पत्र दुसऱ्यांदा वाचत बसू नकोस. त्यांना आत घे.

तुझीच,
सुनंदा