एका कार्डावर दोघं

मखमलाबाद, नाशिक
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

चि. साधना,

नानाचा आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे तुझ्या आईचे गुडघे आणि माझी साखर सोडून. तू कशी आहेस, हे आज विचारत नाही. दर वेळी विचारतो आणि दर वेळी तू "मजेत" म्हणतेस.

काल महाशिवरात्र झाली. त्र्यंबकचे हारवाले पहाटेच मळ्यात गाडी घेऊन हजर, पांढरी शेवंती हातोहात गेली. कोथिंबीर मात्र मार्केटला नेऊन तशीच परत आणावी अशी गत आहे. धाकटी पूजा मजेत आहे. आईने शुभांगीबरोबर तुला चिवड्याचा डबा द्यायचा हट्ट धरला होता, तो मी मोडला. डबा घरी नेलास तर कुठून आला म्हणून विचारतील. आईला मी हे कारण सांगितलं नाही. "पोरीला ओझं कशाला," एवढंच म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

हे पत्र शुभांगी तुझ्या हातात देईल. शेजारच्या बहिरूची ही पोर पुण्यात शिकायला गेली तेव्हा मीच नाक मुरडलं होतं, आता तिच्याच भरवशावर आहे. पत्राबरोबर तुझं मेट्रोचं कार्डही आहे. तीन आठवडे ते माझ्या कपाटात पडून होतं. शुभांगीने दोनदा फोन करून मागितलं, मी दोन्ही वेळा "सापडत नाही, शोधतो" म्हणून सांगितलं. खोटं बोललो. सापडत होतं.

झालं कसं, ते सांगतो. संक्रांतीचं वाण द्यायला रथसप्तमीच्या आत म्हणून आम्ही तुझ्या सासरी आलो. निघायच्या दिवशी अमोलराव म्हणाले, सोडायला वेळ नाही, मेट्रो जवळच आहे. तू दारापर्यंत आलीस आणि सासूबाई आत वळल्या तसं माझ्या मुठीत कार्ड दिलंस. "नाना, हे मशीनला लावा. आईचं तिकीट खिडकीवर काढा. शिवाजीनगरला शुभांगी येईल, तिच्याकडे कार्ड द्या." मी ऐकलं निम्मंच. तुझ्या हाताकडे बघत होतो. तुझी बोटं बर्फासारखी गार होती.

आता तुझ्या नानाची अक्कल. एसटीत कंडक्टरला एक माणूस पैसे देतो आणि दोघं बसतात. रेशनचं कार्ड एक आणि खाणारी तोंडं पाच. मला वाटलं, हेही तसंच. घरचं कार्ड आहे, घरची दोन माणसं जातील. तिकीट कशाला काढा? मी मशीनवर कार्ड टेकवलं, हिरवा दिवा लागला आणि मी आपला आईला म्हणालो, "हो तू पुढं." आयुष्यात पहिल्यांदा तिला पुढे घातली असेल. ती पिशवी सांभाळत पलीकडे गेली आणि ती काचेची दारं माझ्या पोटाशी येऊन मिटली. पुन्हा कार्ड लावलं तर लाल. उलटं करून लावलं, तरी लाल. मागे रांग लागली. आई पलीकडून ओरडते, "अहो, मला हितंच सोडून जाता का काय?" एक पोरगा हसला. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने रांगच बदलली.

खिडकीवर एक मुलगी होती, बोलायला गोड. म्हणाली, "काका, एका कार्डावर एकच माणूस. कार्ड एकदा आत गेलं की बाहेर पडेपर्यंत दुसऱ्यांदा आत घेत नाही."

"पण मी तर बाहेर उभा हाय ना बाई, तुमच्यासमोर."

"मशीनला तुम्ही नाही दिसत काका. मशीनला कार्ड दिसतं. आत जाताना ते फक्त लिहून घेतं, कुठून शिरलात. पैसे कापतं बाहेर पडताना, कुठं उतरलात ते बघून."

मला पटेना. आपल्याला कुठलीही गोष्ट दोनदा विचारल्याशिवाय पटत नाही, हे तुला ठाऊक आहे. मग तिने कार्ड तिच्याकडच्या यंत्रावर ठेवलं आणि पडदा माझ्याकडे फिरवला. "हे बघा, आत्ताची एंट्री. ही काकूंची." मी चष्मा लावला. आत्ताची एंट्री बघितली आणि तिच्याखालच्याही बघितल्या. मागच्या दहा फेऱ्या असतात त्यात. दहाच्या दहा एकाच स्टेशनच्या. तिथूनच आत, तिथूनच बाहेर. आत गेल्याची वेळ साडेअकराच्या आसपास, बाहेर पडल्याची बाराच्या पुढे.

मी त्या मुलीवर चिडलो. म्हणालो, "तुमचं मशीन बिघडलंय. माझी पोरगी रोज शिवाजीनगरला जाते, लॅबमध्ये कामाला. रक्त तपासायचं शिक्षण झालंय तिचं."

ती म्हणाली, "शिवाजीनगर यात कुठंच नाही काका." आणि माझ्या तोंडाकडे बघून तिने पडदा परत वळवून घेतला. मग हळूच म्हणाली, "बसत असतील. बसतात काही जण. तिथल्या तिथं बाहेर पडलं तरी कमीत कमी भाडं कापतंच, आणि फार वेळ बसलं तर दंड. म्हणून वेळेत उठत असतील."

माझं कागदाचं तिकीट काढून मी आत गेलो. आईला बाकावर बसवलं आणि फलाटावरच्या गार्डबाईंना फोनवरचा तुझा फोटो दाखवला. उगाच दाखवला. नसता दाखवला तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं. त्या लगेच म्हणाल्या, "ह्या ताई? रोज येतात की. अगदी टोकाच्या बाकावर बसतात. गाडी आली तरी चढत नाहीत. मी एकदा विचारलं, कुणाची वाट बघता का? तर म्हणाल्या, नाही हो, इथं मला कुणी हाक मारत नाही."

साधना, बाकावर बसून आई तुझ्या सासूने दिलेले तिळाचे लाडू खात होती आणि मला म्हणाली, "पोरीचं बरं चाललंय हो. घर किती टापटीप आहे." मी हो म्हणालो. शिवाजीनगरला शुभांगी भेटली, मी तिच्याशी काय बोललो ते आठवत नाही. नाशिकच्या गाडीत संगमनेर गेल्यावर खिशात हात घातला तर कार्ड.

त्याच वेळी शुभांगीला फोन करायला हवा होता. केला नाही. कार्ड परत देताना ती विचारणार, मी सांगणार, मग मला काहीतरी करावं लागणार. म्हणून मी ते कपाटात ठेवलं आणि शेवंतीच्या तोडणीला लागलो. तुझा नाना मार्केटला व्यापाऱ्याच्या अंगावर धावून जातो, गावकीत टेबलावर हात आपटून बोलतो. आणि एवढंसं प्लॅस्टिक कपाटात लपवून तीन आठवडे झोपला नाही.

शुक्रवारी शुभांगी शिवरात्रीसाठी घरी आली. मळ्यात मला एकटं गाठून म्हणाली, "नानाकाका, तुम्ही कार्ड ठेवून घेतलंत, पण ताईचा तेवढाच एक तास होता." आणि मग सगळं सांगून रडली. तुझी नोकरी दिवाळीच्या आधीच सुटली, म्हणजे त्याने सोडवली. तुझे सर्टिफिकेटचे कागद त्याच्या कपाटात, किल्ली त्याच्या खिशात. तुझ्या हातात रोख दिली जात नाही, भाजीवाल्याला तो फोनवरून परस्पर पाठवतो. तुझ्या फोनचा ठिपका त्याला ऑफिसात बसून नकाशावर दिसतो. भाजीबाजार त्या स्टेशनच्या खालीच असल्यामुळे ठिपका बाजारातच आहे असं वाटतं, आणि तू तेवढ्यात वर जाऊन बसतेस. कार्ड नोकरीच्या वेळचं, त्यात शुभांगी तिच्या खर्चातून भर घालते. दोन पोरींनी मिळून एवढं सगळं जमवलं आणि मी ते खिशात घालून घेऊन आलो.

तो हात उचलतो का, असं मी शुभांगीला विचारलं. ती वाकून वाफ्यातलं तण उपटायला लागली. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याला मी आता अमोलराव लिहीत नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

आता जे लिहायचं टाळत इथवर आलो, ते लिहितो. हे तुझ्या आईलाही ठाऊक नाही.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू मला शुभांगीच्या फोनवरून फोन केला होतास. मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतो. तू म्हणालीस, "नाना, मी थोडे दिवस तिकडं येऊ का?" मी विचारलं, "का गं, काय झालं?" तू म्हणालीस, "काही नाही, असंच." मला तेव्हाच कळलं होतं. बापाला कळतं. तरी मी काय बोललो? "निफाडच्या पाहुण्यांचं पूजासाठी चाललंय. एवढी सुपारी फुटू दे, मग ये. थोरली माहेरी येऊन बसली म्हटल्यावर लोक दहा प्रश्न विचारतात. थोडी कळ काढ, जुळवून घे." तू "बरं" म्हणालीस. भांडली असतीस तर मला जरा सोपं गेलं असतं. तू फोन ठेवलास आणि मी उरलेल्या जुड्या बांधल्या. एकही सैल बांधली नाही.

म्हणजे तिकडचं दार त्याने लावलं आणि इकडचं मी. मधे तुला त्या स्टेशनातला एक बाक उरला. तुला चांगलं घर बघून दिलं म्हणून मी चार लोकांत मिरवलो. माफी मागायची मला सवय नाही, कशी मागतात तेही नीट येत नाही. पण मागतो आहे. चुकलो, बाळा.

शनिवारी मी निफाडला जाऊन आलो. पूजाच्या होणाऱ्या सासऱ्यांना, गोटीरामभाऊंना, त्यांच्याच द्राक्षबागेत गाठून सांगितलं, माझी थोरली घरी येते आहे, कायमची आली तरी माझी हरकत नाही, तुम्हाला मागाहून कळायला नको म्हणून आधी सांगतो. ते हातातला द्राक्षाचा घड क्रेटमध्ये ठेवत म्हणाले, "घरात इचारून सांगतो." अजून काही सांगितलं नाही. घरी येऊन मी पूजाला सांगितलं तेव्हा मान वर करायची हिंमत नव्हती. ती म्हणाली, "त्यांना विचार करू द्या नाना. मीपण करते. असल्या गोष्टीला घाबरणाऱ्या घरात मला तरी कुठं जायचंय." तुम्ही दोघी कुणाच्या वळणावर गेलात, मला कळत नाही. माझ्या तर नाही.

तर आता ऐक. हे पत्र घरी नेऊ नकोस. कार्ड लावून वर जा, तुझ्या बाकावर बसून वाच आणि वाचून झालं की शुभांगीला परत दे. ती त्या दिवशी तिकीट काढून तुझ्याबरोबर आत येईल.

गुरुवारी शिवजयंतीची सुट्टी आहे. तो घरी असणार, म्हणून मुद्दाम तोच दिवस धरला. तो नसताना, पोरीला चोरून न्यायला मी काही चोर नाही. मी आणि बहिरू पहाटे टेम्पो घेऊन निघतो, अकराच्या सुमारास तुझ्या दारात असू. तू काही बोलायचं नाहीस, काही सांगायचं नाहीस. कपडे राहिले तर राहू देत. कागद मी मागेन, सगळ्यांसमोर मागेन, आणि ते मिळेपर्यंत दारातून हलणार नाही. नाहीच दिले तर त्याच पावली पोलीस चौकीत जाऊ. आवाज चढवणार नाही असं बहिरूने माझ्याकडून वदवून घेतलं आहे, पण त्याची खात्री मी देत नाही.

आणि त्या दिवशी तुझा धीर झाला नाही, तू "नाना, मी मजेत आहे" म्हणालीस, तर मी तुला ओढून नेणार नाही. एकदा तुझं न ऐकता तुझं ठरवलं, तेवढं पुरे. मुकाट्याने टेम्पो वळवून परत जाईन. पण त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा येईन. त्याच्याही पुढच्या गुरुवारी येईन. तीस वर्षं पहाटे तीनला उठून मार्केट केलंय, मला येरझाऱ्यांचा कंटाळा नाही. ज्या दिवशी तू चप्पल घालशील, त्या दिवशी आपण निघू.

तुला "ये" म्हणायला साडेतीन महिने उशीर केलेला,
तुझा नाना