लँकेशायरचं हातचाक

४ ऑक्टोबर १९९७, शनिवार

एकदाचा पोचलो. मँचेस्टरहून बसने तासभर, आणि मग हे लँकेशायरचं गाव: कालवा, लाल विटांच्या गिरण्या, आणि ओळीने उभी धुराडी, पण धूर कशातूनच नाही. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या कारखान्यांत पंधरा वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला हे चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. इथे लोक तिकीट काढून जुने माग बघतात. आमच्याकडे तेच टाळायला लोक रजा टाकतात.

काम सरळ आहे. सरकारने आयात सोपी केल्यापासून आमच्या शेठना विलायती यंत्रांचं वेड लागलंय. एका बंद कारखान्यातली अठ्ठावीस फुटी लेथ त्यांनी घेतली आहे. ती मी उघडायची, प्रत्येक भागावर रंगाने आकडा टाकून पेट्यांत भरायची, आणि बोटीने बडोद्याला आली की पुन्हा उभी करायची. घरमालकीणबाई प्रेमळ आहेत, बटाटे मात्र तिन्ही त्रिकाळ. दिवाळीच्या आत घरी. अवंतीने निघताना अकरा वेळा विचारलं, येशील ना म्हणून. पाच वर्षांच्या पोरीला शब्द दिला म्हणजे दिला.

७ ऑक्टोबर

लेथ बघितली. १९२६ सालची, पण काय देखणी! चाळीस वर्षं ती चालवलेले एन्टविसल नावाचे म्हातारे मदतीला येतात. हत्यार पुढे-मागे सरकवायचं एक हातचाक आहे. माणसांच्या तळव्यांनी त्याची कड झिजून खोलगट झाली आहे. मी हात ठेवला तर बरोबर बसला. गावच्या संग्रहालयाच्या ॲशवर्थबाई आल्या होत्या, त्याही चाकाकडेच बघत राहिल्या. असं चाक म्हणजे या गावाचा वारसा, असं म्हणाल्या.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

परदेशात असलो म्हणून काय झालं. बायकोने, वसुंधराने, बॅगेत घातलेली हळदकुंकवाची पुडी काढली, लेथ पुसली, पूजा केली. फुलं घरमालकीणबाईंच्या कुंडीतली. लेथला कुंकू लावलं आणि त्याच बोटाने स्वतःलाही. म्हटलं, आता तू आमची, मी तुझा, नीट घरी चल. एन्टविसलनी टोपी काढली. बरं वाटलं.

दुपारी मात्र गोदीवरून निरोप आला, बोट चार दिवस आधी सुटणार. पूजा झालेल्या यंत्राला त्या दिवशी हत्यार लावत नाहीत. माझ्या वडिलांनी रेल्वेच्या वर्कशॉपात कधी लावलं नाही. मी लावलं. तेलाच्या कुप्या तेवढ्या काढल्या, एक ते सहा नंबर. रात्री जेवणाला चव नव्हती. सर्दी झाली असेल.

१३ ऑक्टोबर

सर्दी नाही. साखर खाल्ली, मीठ खाल्लं, सगळं सारखंच. आज पुढचा दांडा काढला, नंबर १९, आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतली जाण गेली. टाचणी टोचून पाहिली.

१५ ऑक्टोबर

आज मन घट्ट करून सहाही कुप्या परत बसवल्या. खिशातला पेपरमिंट तोंडात टाकला. गोड लागला. कुप्या काढल्या, चव गेली. तीन वेळा करून पाहिलं. मग पायरीवर बसून राहिलो.

एन्टविसलना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, चाळीस वर्षांत त्या यंत्राला कुणी आपलं म्हटलं नव्हतं.

काम थांबवता येत नाही; मी नाही केलं तर शेठ दुसऱ्या कुणाला पाठवून उघडवतील. उघडी लेथ इथेच राहिली तर मीही असाच राहणार. एकच मार्ग दिसतो: सगळी उघडायची, सगळी न्यायची, बडोद्याला सगळी जोडायची. एकही भाग हरवता कामा नये.

१८ ऑक्टोबर

नंबर ४१: वसुंधराचा आवाज आठवत नाही. नंबर ६०: जुन्या घराचा पत्ता गेला. पेटीत गेलं, म्हणजे परत येईल. असं मनाला सांगतो.

हातचाक शेवटी ठेवलंय. आज एक आटा सैल करून पाहिलं. वहीत मुलीचं नाव लिहायला गेलो तर येईना. मुलगी आहे हेच आठवेना. वेड्यासारखं घट्ट केलं. अवंती. अवंती. अवंती.

२० ऑक्टोबर

ॲशवर्थबाई कागद घेऊन आल्या. हातचाक संग्रहालयाला द्यायचं, शेठची सही आहे. बडोद्याला फोन लावला. शेठ म्हणाले, आपी दो ने भाई, अहीं नवुं बनावी लईशुं. देऊन टाका, इथे नवं करू. खरंच आहे, मकरपुऱ्यात अर्ध्या दिवसात नवं चाक निघेल. त्यांना काय सांगू? हातापाया पडलो, फोनवर जितकं पडता येतं तितकं. त्यांनी उलट माझ्या तब्येतीचीच चौकशी केली, देवेंद्रभाई, तबियत तो सारी छे ने.

चाक उद्या बॅगेत लपवून नेईन.

२१ ऑक्टोबर

पेट्यांच्या कागदांसाठी गोदीवर गेलो होतो. परत आलो तर चाकाच्या जागी भोक. संग्रहालयाचे लोक येऊन घेऊन गेले. म्हणे तुमचा त्रास वाचवला.

वहीत एक नाव तीनदा लिहिलंय. अक्षर माझं.

२७ ऑक्टोबर, बडोदे

घरी एक लहान मुलगी आहे. धावत येऊन पायाला बिलगली. कुणाची, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. वसुंधराने तिला उचलून आत नेलं.

१४ डिसेंबर

लेथ उभी राहिली. बोटं आली, चव आली, वसुंधराचा आवाज आला. नवं चाक बसवलं. त्याने काही आलं नाही.

मुलगी शहाणी आहे. माझ्यासमोर जपून चालते. मला भीती वाटते तिची. नाही — माझी.

१६ डिसेंबर

साडेतीन वाजता, पाणी पीत असताना, एकदम — अवंती! अख्खी. तिचं बारसं, तिचा ताप, सगळं. तिला उचललं. ती हसली. मोजून दहा सेकंद. मग हातात कुणाची तरी मुलगी होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

साडेतीन म्हणजे तिथले सकाळचे दहा. संग्रहालय उघडतं. कुणीतरी चाक फिरवलं.

२ जानेवारी १९९८

एन्टविसलना लिहिलं होतं. ते रोज दहाला जाऊन फिरवतात. म्हातारा माणूस, हात थकतो. रोज अर्धा मिनिट. मुलगी तीनलाच येऊन बसते. आम्ही तेवढ्यात बोलून घेतो.

१४ जानेवारी

एन्टविसलचं पत्र. लोकांच्या हातांनी चाक झिजतं म्हणून समितीने ठरवलंय, रविवारपासून ते काचेत. कुणी हात लावायचा नाही. एन्टविसल भांडले. कुणी ऐकलं नाही. शनिवारी शेवटचं फिरवतो, जमेल तितका वेळ, असं लिहितात. मला क्षमा कर, असंही.

वसुंधराने पत्र वाचलं आणि मुलीला पोटाशी धरून बसली.

१७ जानेवारी, शनिवार

साडेतीन. मुलीला समोर बसवलंय. वही उघडी. सगळं लिहून घेणार.

३:५०. काही नाही.

४:२५. ती विचारते, आज येणार नाही का. कोण, ते तिने सांगितलं नाही.

५:१०. आलं — अवंती. माझी. झोपेत गुजराती बोलते. भेंडी ताटाखाली लपवते. जन्मली तेव्हा मूठ उघडेना, मीच उघडली — अजून फिरतंय — एन्टविसल, सोडू नका — तिने विचारलं बाबा रडतोस का, सांगतो तिला, आधी लिहितो, उद्या मला वाचून दाखव बाळ, की तू माझी