एक जास्तीची सकाळ

९ फेब्रु., सोमवार. कर्नाटकातला किनारा
पोचले. रेल्वे, बस, शेवटी रिक्षा. अंग आंबलंय. घरी सांगितलंय, मंगळूरला लायब्ररीचं ट्रेनिंग, आठ दिवस. अण्णांना सटाण्याला सुनीलकडे ठेवलं. वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांना सोडून निघाले. सुनीलची बायको रेखा म्हणाली, "ताई, निर्धास्त जा. मी हाय ना."
तिच्या तोंडावर खोटं बोलले. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी मोठी बहीण सर्फिंगच्या फळीवर उभी राहून लाटा घ्यायला शिकायला चाललीय, हे धाकट्या भावाला कुठल्या तोंडाने सांगणार?

१० फेब्रु.
आधी वाळूवरच. फळीवर पालथं पडायचं, हातांनी पाणी कापायचं, एका झटक्यात उभं राहायचं. वीस वेळा. शिकवणारी लवीना माझ्याच वयाची, मासेमारांच्या घरातली, आवाज खणखणीत. बाकी सगळे पंचविशीतले. एक मुलगी मला आंटी म्हणाली, मग जीभ चावून दीदी.
पाण्यात अकरा वेळा पडले. नाकातोंडात मीठ, गुडघा सोललेला. आणि मी हसत होते. मोठ्यांदा.
दुपारी रेखाचा फोन. "जेवले अण्णा. दाराकडं बघत बसतेत नुसते." मागून लाटांचा आवाज जात असणार. तिने विचारायच्या आतच मी म्हणाले, इथला एसी फार घरघरतो.

११ फेब्रु.
गुडघ्यांवर येते, पुढे नाही. लवीना ओरडते, "पायांकडे बघू नका, समोर बघा!" अण्णांना चालवताना मी हेच ओरडते. आता कळतंय, नजर खाली का जाते ते. किती रागावते मी त्यांच्यावर.

१२ फेब्रु.
उभी राहिले! तीन सेकंद असतील, चार. पाण्यावर, माझ्या पायांवर!
बाहेर आले तर सुनीलचे सहा मिस्ड कॉल. अण्णा न्हाणीत पडले. खुब्याचं हाड मोडलंय. नाशिकला आणतायत, ऑपरेशन परवा सकाळी. "घाबरू नको ताई, आम्ही आहोत. जमेल तशी निघ." मी म्हणाले, उद्या संध्याकाळचंच तिकीट मिळतंय.
तेव्हा तिकीट बघितलंच नव्हतं. नंतर बघितलं. आज दुपारच्या गाडीत जागा होती.

१३ फेब्रु.
आज सकाळी परत पाण्यात गेले. लवीनाला काही सांगितलं नाही. दोन तास. चार लाटा मिळाल्या, शेवटची थेट वाळूपर्यंत. त्या दोन तासांत अण्णा एकदाही आठवले नाहीत.
संध्याकाळच्या गाडीत बसलेय. हे कागदावर तरी खरं असू दे.

१५ फेब्रु. नाशिक
काल पोचेपर्यंत ऑपरेशन होऊन गेलं होतं. अण्णा ग्लानीत. हात धरला, पकड नाही. सुनील काकांना फोनवर सांगत होता, "ताई ट्रेनिंग अर्धवट टाकून धावत आली." मी ऐकून घेतलं.
आज रेखा डबा घेऊन आली. माझ्या नाकाची सालं निघतायत, मान रापलेली. बघत राहिली. "ट्रेनिंग उन्हात होतं का ताई?"
हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दुपारच्या गाडीचंही.
तिने डबा पायरीवर ठेवला. मग म्हणाली, "आत नेताना मान वळवून वळवून तुम्हाला शोधत होते. मी म्हटलं, गाडीत हाय ताई, येतेय."
मी रडले. ती नाही. "दूध उतू जायला लागलं म्हणून मी दोन मिनिटं आत गेले, तेवढ्यात पडले. हे येईल त्याला सांगतात, हिचं लक्ष नव्हतं. तीन दिवस झाले, घास नाय उतरत."
म्हणजे माझं कौतुक आणि तिला बोल. आणि ती मला एका शब्दाने बोलली नाही. नुसतं विचारलं, "यांना सांगणार का?"
सांगते म्हणाले.

१७ फेब्रु.
नाही सांगितलं. आत्या आली होती. सुनीलने तिच्यापुढे पुन्हा तेच. दोन मिनिटं, दूध, हिचं लक्ष. रेखा खाली मान घालून संत्रं सोलत होती. तोंड उघडलं होतं मी. आत्या म्हणाली, "पोरगी आहे म्हणून बापाला आधार." मिटलं.
रेखा जाताना माझ्याशी बोलली नाही.

१९ फेब्रु.
अण्णा शुद्धीवर. सकाळी दाढी करून देताना त्यांनाच सांगायला लागले. समुद्र, फळी, लवीना. मग गाडीचं. वस्तरा खाली ठेवला. ते छताकडे बघत होते. कळतंय की नाही, समजेना. मग वाकड्या तोंडाने, एकेक अक्षर ओढत विचारलं,
"प...डलीस?"
"खूप वेळा."
चांगला हात हळूहळू उचलला, माझ्या सोललेल्या नाकावर ठेवला. रागावले की काय, अजून माहीत नाही.
तेवढ्यात सुनील आत आला. मागे औषधांची पिशवी घेऊन रेखा. "कोण पडलं?"
अण्णांच्या अर्ध्या गालावर फेस तसाच. रेखा दारातच थांबली, माझ्याकडे बघत.
मी म्हणाले, "बस सुनील. सांगायचंय."
तो बसला.