ग्राफिक कार्ड पोळ्यानंतर पडणार

५ जुलै २०२१, सोमवार

लॉकडाऊन उठून दुकान नीट चालू झालं. आजपासून रोज डायरी लिहायची. मोठी माणसं लिहितात. म्हणजे पुढं लोकांना कळतं की हा मोठा कसा झाला.

मी सध्या बंगलोरला. चन्नबसप्पा शेठचं कंप्युटरच्या पार्टचं दुकान. माझा हुद्दा स्टॉक मॅनेजर. म्हणजे टेम्पोतून बॉक्स उतरवायचे, माळ्यावर चढवायचे, गिऱ्हाईक आलं की परत उतरवायचे. शेठ मला हमाल म्हणतो, पण त्याला इंग्रजी येत नाही.

सकाळी लातूरहून अमरनाथचा फोन. देवणीच्या शाळेत आम्ही एका बाकावर. तो पुढं शिकत गेला, मी नववीत थांबलो. थांबलो. नापास वगैरे लोक म्हणतात. तो म्हणला, सिद्ध्या, लई मोठा चान्स आलाय. एका क्लासवाल्या सरांना डॉक्टरकीच्या पोरांसाठी हृदयाचा थ्रीडी व्हिडिओ पाहिजे. दोन मिनिटांचा. दसऱ्यापर्यंत दाखवायचा. आवडला तर वर्षभराचं काम. खोली त्याची, कंप्युटर त्याचा, अक्कल त्याची. फक्त भारीतलं ग्राफिक कार्ड न्हाई, ते मी आणायचं. आणलं की मी अर्धा पार्टनर आणि बंगलोरला कायमचा रामराम.

पैसे आहेत. दोन वर्षं साठवले ते बरोबर पुरतात.

पण कार्ड (मॉडेलचं नाव तीस-साठ) आज सदुसष्ट हजार! खरी किंमत तीस. मी काय येडा हाय का. थांबायचं ठरवलं.

११ जुलै, रविवार

सुट्टी. भाव का वाढलाय त्याचा पूर्ण अभ्यास केला. (मोबाईलवर, दीड तास.)

कारण एक. लोक कार्डावर डिजिटल नाणी काढायला लागलेत. खोलीभर कार्डं लावायची, रात्रंदिवस पंखे चालू, नाणं पडतं. कुठं पडतं ते दिसत नाही. कारण दोन. सगळे घरात बसले, सगळ्यांना गेम खेळायचा. कारण तीन. तैवानला दुष्काळ. चिप बनवायला पाणी लई लागतं म्हणे, आणि तिकडं पाऊसच नव्हता. हे मला लगेच पटलं. आपल्याकडं लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं. तैवानला रेल्वे जात नसणार.

पण जूनमध्ये तिकडं पाऊस झाला. म्हणजे आता पेरणी झाली समजा. चिपचं पीक तीन महिन्यांचं धरलं तरी पोळ्यानंतर नवा माल येणार. आवक वाढली की भाव आडवा.

हे कुणी शिकवलेलं नाही. आमचे आप्पा, सिद्रामप्पा, तीस वर्षं उदगीरच्या मोंढ्यात मापाडी आहेत. मोंढ्याच्या गेटवर किती गाड्या उभ्या आहेत ते बघून सौदा निघायच्या आधीच भाव सांगतात. हे रक्तात असावं लागतं.

अमरनाथला फोन करून सांगितलं, पोळ्यानंतर. तो म्हणला, अरे कार्ड हाय ते, तूर न्हाई. हसलो. शिकलेल्या माणसाशी काय बोलायचं.

३ ऑगस्ट

सोयाबीन दहा हजारांच्या वर! सगळा मोंढा येडा झालाय. आप्पांनी फोनवर सांगितलं, लेका, जे असं चढतं ते तसंच पडतं. लिहून ठेवलं.

कार्ड साठ. मला बघून पडायला लागलंय.

९ सप्टेंबर

पोळा होऊन तीन दिवस झाले. टेम्पोतून चाळीस बॉक्स उतरवले. सगळी कार्डं! स्वतःच्या हातानं मोजली. गेटवर चाळीस गाड्या, म्हणजे भाव संपला. शेठला म्हणलो, आता विकून मोकळे व्हा, उद्या कुणी कुत्रं विचारणार नाही.

शेठ म्हणला, हे चाळीस हैदराबादच्या एका माणसानं टेम्पो निघायच्या आधीच घेतलेत. परत उतरव. दुसऱ्या गाडीत चढव.

चढवले. भाव चौसष्ट.

ही साठेबाजी आहे. साठेबाजीत माझा अंदाज धरू नये.

४ ऑक्टोबर

सोयाबीन निम्म्यावर आलं! पाच हजार! आप्पा खरे ठरले. म्हणजे मी पण खरा ठरलो, फक्त माल वेगळा.

अमरनाथला कळवलं. तो म्हणला, सिद्ध्या, दसरा अकरा दिवसांवर आलाय बाबा.

१६ ऑक्टोबर

काल दसरा. अमरनाथनं जुन्या कंप्युटरवर हृदय करायला घेतलं होतं. एका सेकंदाचं चित्र तयार व्हायला एक तास. दोन मिनिटं म्हणजे पाच दिवस पाच रात्री. चौथ्या दिवशी लाईट गेली, फाईल उडाली, एक सेकंद तेवढा वाचला. सरांसमोर हृदय एकदा धडकलं आणि बंद पडलं.

सर म्हणले म्हणे, पोरांना हार्ट अटॅक शेवटच्या चॅप्टरला शिकवायचाय, आत्ता न्हाई.

तरी दिवाळीनंतर पंधरा दिवसांची मुदत दिली. माणूस चांगला. मी अमरनाथला म्हणलो, बघ, थांबल्यानं काही बिघडत नाही, मुदत वाढते. त्यानं फोन ठेवला. लातूरला रेंजचा प्रॉब्लेम आहे.

२८ ऑक्टोबर

आज महत्त्वाचं. शेठनं स्वतः बोलावलं. म्हणला, सिद्धलिंग, एका गिऱ्हाईकानं ऑर्डर मोडली. तीस-साठचं एक कार्ड सुटं हाय. तू घरचा माणूस. चोपन्न दे, घेऊन जा. दिवाळीला गावाकडं जा. बेगा, म्हणजे लवकर, सांग.

शेठ आपण होऊन कमी करतोय! म्हणजे आतून घाबरलाय. मोंढ्यात अडत्या हसून बोलायला लागला की समजायचं भाव तुटणार. मी म्हणलो, पंचेचाळीसला बोला.

शेठनं समोरच्या गिऱ्हाईकाला छप्पन्नला दिलं. माझ्यासमोर. बॉक्स मीच उतरवून दिला.

६ नोव्हेंबर

कार्ड एकोणसत्तर.

चोपन्नचं कार्ड सोडल्याचा पश्चात्ताप अजिबात नाही. फक्त दोन दिवस जेवण जाईना झालंय. बंगलोरचं पाणी.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

दामिनी मॅडमचा फोन. क्लासवर बायोलॉजी शिकवतात. व्हिडिओत आवाज त्यांचा. आधी कधी बोललो नव्हतो, म्हणून इम्प्रेशन पाडायचं ठरवलं. तैवान, पाऊस, नाणी, हैदराबादचा साठेबाज, सगळं क्रमानं समजावलं. वीस मिनिटं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणल्या, सिद्धलिंगभाऊ, तुमचं कार्ड स्वस्त होईपर्यंत आमची पोरं डॉक्टर होऊन दवाखाने टाकतील. कार्ड कधी आणताय, तेवढी तारीख सांगा.

मी म्हणलो, मार्केट तारीख सांगून पडत नसतं, मॅडम.

त्या म्हणल्या, मग आमचं आम्ही बघतो. ठेवला.

चिडल्या नव्हत्या. आमचं आम्ही बघतो म्हणजे माझ्यावरचं टेन्शन कमी केलं. समजूतदार बाई. घाई जरा जास्त आहे.

२ जानेवारी २०२२, रविवार

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. सगळं लातूर आज रानात असणार. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. मी इथं माळ्यावर.

अमरनाथला फोन लावला. मागं दहा माणसं खिदळत होती. कोण कोण आलंय विचारलं. म्हणला, क्लासची मंडळी. कामाचं विचारलं. म्हणला, चाललंय. मी म्हणलो, भाव उन्हाळ्यात नक्की तुटतोय, धीर धर. तो म्हणला, धर की तू.

आवाजात विश्वास होता.

संध्याकाळी आप्पांचा फोन. घराला आता तरी स्लॅब टाकूया म्हणून आई मागं लागलीय. भूकंपाच्या साली भिंत तडकली तेव्हा आप्पांनी तात्पुरते पत्रे टाकले होते, सिमेंट उतरलं की स्लॅब टाकू म्हणून. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. आप्पा म्हणले, सिमेंट अजून चढंच हाय, उतरू दे. आईनं फोन ओढून घेतला आणि म्हणली, पावसात ह्यांना ऐकू येत न्हाई, आणि उन्हाळ्यात मला सुधरत न्हाई. तू तरी बापावर जाऊ नको.

आईला मार्केट कळत नाही.

१९ मार्च

आज जे घडलं ते शांतपणे लिहितो.

दुकानात एक कॉलेजचा पोरगा मोबाईलवर व्हिडिओ बघत उभा होता. त्यात हृदय. लालबुंद. झडप उघडते, रक्त आत जातं, झडप मिटते. मराठीत बोलत होतं. आवाज ओळखला. शेवटी नावं आली. निर्मिती, अमरनाथ आणि दामिनी. तिसरं नाव यायची मी वाट बघितली. जाहिरात आली.

दोन लाख लोकांनी बघितलाय.

विचार केला. एवढं हृदय जुन्या कंप्युटरवर धडकलं, म्हणजे आता कार्डाशिवाय पण भागतंय. म्हणजे मागणी घटली. म्हणजे भाव पडणार! आजवरचा सगळ्यात पक्का पुरावा.

अमरनाथला अभिनंदनाचा मेसेज केला. त्यानं अंगठा पाठवला.

२५ जून

पडला! पडला! अडतीस हजार!

शेठ डोक्याला हात लावून बसलाय. नाणीवाले बुडाले म्हणे, गेमवाले कॉलेजला गेले, आणि माल येऊन पडलाय. माळ्यावर पाय ठेवायला जागा नाही. मी सगळ्या मार्केटला वर्षापूर्वी सांगितलं होतं.

शेठ म्हणला, घे आता, बाबा. मी म्हणलो, पडत्या भावाखाली हात घालायचा नसतो.

१७ सप्टेंबर, शनिवार

परवा नाण्याचा कारभारच बदलला. आता ते नाणं काढायला कार्ड लागत नाही म्हणे. खोल्याच्या खोल्या बंद. जुनी कार्डं पोत्यानं विकायला आलीत.

आज तीस-साठ नवंकोरं, एकतीस हजार.

घेतलं! सदुसष्टचं एकतीसला! छत्तीस हजार वाचवले. एवढं शेठनं पण एका कार्डावर कधी कमावलं नसेल. त्याला सांगितलं, आता आपण परत भेटू न भेटू, मी लातूरला पार्टनर म्हणून चाललोय. शेठ म्हणला, सोमवारी टेम्पो येणार हाय, मंगळवारपर्यंत ये. त्याला समजलं नाही.

१८ सप्टेंबर, बिदरच्या पुढं, बसमध्ये

कार्ड मांडीवर. शेजारच्या आजोबांना उघडून दाखवलं. त्यांनी विचारलं, फवारणीचं हाय का.

अमरनाथला कळवलं नाही. सरप्राइज.

१९ सप्टेंबर, सोमवार, लातूर

क्लासवाल्यांनी लावलेल्या टॉपरांच्या फोटोंमधून वाट काढत खोली शोधली. खोली नाही, हॉल आहे. चार पोरं कंप्युटरवर बसलेली. एकाच्या स्क्रीनवर किडनी, एकाच्या बेडकाचं पोट.

अमरनाथ उठून आला, मिठी मारली, चहा मागवला. राग नाही. राग असता तर बरं झालं असतं.

मी बॉक्स टेबलावर ठेवला आणि भाव सांगितला. तो म्हणला, भारी घेतलंस की. मग म्हणला, आम्ही गेल्या नोव्हेंबरातच घेतलं, हैदराबादहून. सत्तरला. दामिनी मॅडमनी पैसे घातले. मी म्हणलो, सत्तर! लुटलं की तुम्हाला. तो म्हणला, हाव, लुटलं. पण दोन महिन्यांत कार्डानं स्वतःचं काढून दिलं. आता तीन क्लासचं काम हाय.

दामिनी मॅडम आल्या. म्हणल्या, सिद्धलिंगभाऊ, तुमचंच खरं झालं, शेवटी पडलाच भाव. मनापासून म्हणल्या. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग अमरनाथनं विचारलं, आता पडलाच हाय तर आम्हाला पण सहा मशीन वाढवायच्यात, शेठकडून चांगल्या भावात सहा कार्डं बसतील का. तुझ्यासारखा खात्रीचा माणूस तिथं असला की आम्हाला फसायची भीती न्हाई.

मी विचारलं, आणि इथं?

तो म्हणला, इथं तू काय करणार, सिद्ध्या. तू तिथंच लई कामाचा हाय.

पार्टनर हा शब्द त्यानं काढला नाही. मी पण काढला नाही. चहा चांगला होता. देवणीला गेलो नाही, गाडी संध्याकाळची होती.

२२ सप्टेंबर, गुरुवार, बंगलोर

मंगळवारी टेम्पो उतरवला.

आज लातूरचे सहा बॉक्स पॅक केले. पाच दुकानातले, सहावा माझा, लातूरहून जसा नेला तसा परत आणलेला. पत्ता माझ्याच अक्षरात.

गाडी गेल्यावर शेठनं पाटीवर नवा भाव लिहिला. एकोणतीस.

मी म्हणलोच होतो.