कुत्र्याचं काय झालं

९ नोव्हेंबर, रविवार

चि. धाकटीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून आधी पाकीट उलटसुलट करशील, कोणी गेलंबिलं की काय म्हणून. कोणी गेलेलं नाही. मी बरी आहे. दुकानातली नोकरीही चालू आहे, चष्म्याची भिंगं घासतेच आहे अजून. थंडी पडली, म्हणजे तुझा गुडघा ठणकत असेल. त्याचं पुढे लिहिते.

बातमी अशी की स्कूटर विकली.

हो, तीच. अकरा वर्षं सुट्टी लागली रे लागली की जिच्यावरून आपण घाट नि समुद्र पालथे घालायचो. मी पुढे आणि तू मागे, मांडीवर नकाशाची वही घेऊन. चार वर्षं जिन्याखाली झाकून पडली होती. येता-जाता माझा पदर तिच्या आरशाला अडकायचा. शेवटी आमच्या दुकानातली काउंटरवाली म्हणाली, "मावशी, ऑनलाइन लिलावात टाका ना. सात दिवस ठेवायची. लोक बोली लावतात. शेवटी ज्याची बोली जास्त, त्याची गाडी." तिनेच फोटो काढले. मी गाडी पुसून लख्ख केली, तर ही बया खरचटलेल्या जागेचाच फोटो अगदी जवळून घेते. म्हणाली, "लपवलं की माणसं पळतात, मावशी."

मग माहितीचे रकाने भरले. किती चालली, टायर कधी बदलले, सामानाच्या पेट्या किती. डाव्या पेटीचं झाकण मांडीने दाबल्याशिवाय बसत नाही, हेसुद्धा लिहिलं. पुढचा रकाना होता, 'अपघात झाला आहे का? कसा?' मी लिहिलं, 'एकदा. कुत्रं आडवं आलं.' हात जरासुद्धा अडखळला नाही. सवयच झाली होती.

बोली छान चढत होती. तिथे खाली प्रश्न विचारायची सोय असते, सगळ्यांना दिसेल अशी. कोणी विचारलं, पाठ टेकायची गादी निघते का. कोणी विचारलं, पुढची काच मूळचीच का. आणि तिसऱ्या दिवशी 'चारपाय' असं टोपणनाव घेतलेल्या कोणीतरी विचारलं, 'मग त्या कुत्र्याचं काय झालं?'

मी फोन पालथा घातला.

हे तुझेच शब्द, धाकटे. शेवटच्या फोनवर तू हेच विचारलं होतंस, आणि मी म्हणाले होते, "पळून गेलं." तू फोन ठेवलास तो आजतागायत. तेव्हा मला खात्रीच पटली की बाईसाहेबांनी नाव बदलून मला गाठलंय. तुझी पेन्सिल मी घेतली हे कबूल करून घ्यायला लहानपणी तू दोन दिवस माझ्या मागेमागे फिरली होतीस, ते मी विसरलेले नाही.

चारपायचा प्रश्न आल्यावर दोन दिवसांत मी दुकानात तीन भिंगं वाया घालवली. मग तिथेच, सगळ्यांना दिसेल असं उत्तर लिहिलं: 'कुत्रं नव्हतं. डाव्या कडेला खडीचा ढीग होता, तो मला दिसला नाही. डाव्या बाजूची नजर जातेय, गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी पाच महिने आधी सांगितलं होतं. मी कोणाला कळू दिलं नाही.'

दोघा-तिघांनी लगेच काढता पाय घेतला. काउंटरवालीने कपाळावर हात मारला. म्हणे, "इतकं पण नको होतं, मावशी." मी मात्र तुझ्या उत्तराची वाट बघत बसले. उत्तर आलं नाही, पण चारपायने बोली वाढवली, आणि शेवटच्या दिवशी गाडी चारपायला गेली. शनिवारी अकराला न्यायला येतो, एवढाच निरोप. मी घर झाडलं. पलंगावरची चादर बदलली. दोन कप काढून ठेवले.

काल अकराला बेल वाजली. दारात एक मिशीवाला गृहस्थ आणि त्याची बायको. दोघांच्या हातात हेल्मेट. तो जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे.

मी विचारलं, "तो प्रश्न तुम्हीच विचारला होता?"

तो ओशाळला. "हो. बिचारं मेलं की काय, असं वाटलं. आमच्याकडे रोज आणतात हो तसली. नव्हतंच म्हटल्यावर बरं वाटलं."

"ह्यांना कुत्र्याची काळजी," बायको म्हणाली. "गाडीची चौकशी मलाच करावी लागली."

मी त्यांना चहा दिला, तुझ्यासाठी काढलेल्या कपांतून. तिला पेटी मांडीने कशी दाबायची ते दाखवलं. ती मागे बसली आणि ते गेले. मी पायरीवर बराच वेळ बसून राहिले. जगाला सांगून झालं होतं आणि तुलाच सांगायचं राहिलं होतं.

तर आता ऐक. दवाखान्यात शुद्धीवर आल्या आल्या तू म्हणालीस, "ताई, कुत्रं नव्हतं." मी नर्सपासून मामापर्यंत प्रत्येकाला सांगितलं की हिच्या डोक्याला मार लागलाय, हिला आठवत नाही. तुझा गुडघा एका क्षणात मोडला. हे मात्र मी रोज करत राहिले. तू डोक्याची तपासणी करून घेतलीस. कवायत शिकवणं सुटलं ते गुडघ्यापायी, पण आता शाळेच्या कचेरीत साधी हजेरी उतरवतानाही तू तीनतीनदा ताडून बघतेस, स्वतःचा भरवसा नाही म्हणतेस. मामी हे बोलली तेव्हाही मी गप्प बसले. डोळ्यांचं कळलं तर नोकरी जाईल, अशी मनाची समजूत घालत होते. खरं म्हणजे मला तुझ्यापुढे चुकायचं नव्हतं. जन्मभर पुढे मीच बसत आले ना.

तुझं डोकं ठीक होतं. तुला सगळं बरोबर आठवतंय. तू ओरडलीसही होतीस, "ताई, डावीकडे!" ते मी ऐकलं होतं. ऐकून डावीकडे पाहिलंही होतं, पण मला तिथे काही दिसलं नाही.

मामाला आज सकाळी फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "धाकटीला सांगितलंस का?"

गाडी दिली, पण नकाशाची वही दिली नाही. ती तुझी आहे. पुढच्या रविवारी घेऊन येते. बस अकराला तुमच्या स्टँडवर पोचते. मला तुझी माफी हवी आहे, पण त्याच दिवशी हवी असं नाही. यायचं नसेल तर येऊ नकोस, मी बाराच्या बसने परत फिरेन.

आलीस तर माझ्या उजव्या हाताला उभी राहा. डावीकडे राहिलीस तर मला दिसणार नाहीस, आणि तू आलीच नाहीस असं समजून मी निघून जाईन.

तुझ्याशी खोटं बोललेली,
ताई