पुलावरच्या म्हातारीबद्दल खुलासा

ती. दादास,
सादर नमस्कार.

पूल जर दुरुस्तीसाठी बंद होता, तर त्या पुलावरची म्हातारी आपल्याशी दहा मिनिटं काय बोलत होती? पदवी घेऊनही मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्र. आधी तुझी कंबर कशी आहे ते कळव. कारखान्यात लेथ मशीनपुढे उभा राहताना पायाखाली फळी घेतोस ना? वहिनीला विचारलं तर ती नुसती हसली, म्हणजे घेत नाहीस.

जुन्या व्हिडिओ गेमांवर मी मासिकात सदर लिहिते, हे तुला ठाऊक आहे (तू अंक घेतोस आणि 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणत कपाटावर ठेवतोस, हे मला ठाऊक आहे). या खेपेला मी आपल्या पिवळ्या कॅसेटवर लिहिलं. तिच्यातली परकी लिपी घरात फक्त तुला वाचता यायची. जॉयस्टिक धरून तू मला एकेक वाक्य वाचून दाखवायचास आणि अडलास की म्हणायचास, "थांब गं, लांबलचक वाक्य आहे." ते सगळं मला पाठ होतं, त्यामुळे कॅसेट पुन्हा लावून पाहायची गरजच वाटली नाही. म्हातारी आपला शेवटचा दिवा शत्रूच्या शिपायाला देऊन टाकते, या प्रसंगाला मी माणुसकीचा कळस म्हटलं. दार उघडण्याआधी राणी सतराचा पाढा विचारते, त्यावर तर अख्खा परिच्छेद खर्च केला.

अंक निघाला आणि ती भाषा शिकवणाऱ्या एका बाईंचं पत्र आलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे म्हातारी एवढंच सांगते की पूल बंद आहे, वळसा घालून जा. राणी ही राणी नसून टोप्या विकणारी बाई आहे. पाढे कुठेच नाहीत. मग मी कॅसेट लावली आणि त्यांच्या भाषांतराशी ताडून पाहिली. दादा, त्यांचं बरोबर आहे. (राजा दर रविवारी 'दप्तर भरलंस का?' असं विचारायचा, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.)

राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन दिवस आला. मग आठवलं की आपण ती कॅसेट खेळायचो त्याच वर्षी तुझी शाळा सुटली होती आणि माझी सुरू झाली होती. तेव्हापासून तू सगळ्यांना सांगत आलास, 'आमच्या घरात वाचणारी ती एकटीच.' पण इतकं वाचूनही बंद पुलाच्या सूचनेत मला काही कुणाचा दिवा दिसला नसता.

संपादकांनी बजावलं होतं, चुकीबद्दल माफी लिहा, नाहीतर सदर बंद.

तब्येतीला जप. वहिनीला नमस्कार.

तुझी,
वाचणारी

ता. क. : खेळात आपण शेवटच्या दारापाशी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी तू कारखान्यात लागलास. ते दार तसंच राहिलं. आत काय आहे ते बाई सांगत होत्या, मी नको म्हटलं. तू सांग. सावकाश सांग, वाक्य लांबलचक असलं तरी चालेल.

आणखी एक ता. क. : माफी लिहिली नाही. खुलासा लिहिला, आणि सदराचा शेवटचा मजकूर म्हणून तो छापूनही आला : 'खेळाची मूळ कथा बेताची आहे. मी परीक्षण केलं ती कथा माझ्या थोरल्या भावाची. तो लेथ चालवतो.' त्याखाली तुझं पूर्ण नाव आहे. अंक आणि कॅसेट आज सकाळीच पार्सलने पाठवली. अंक कपाटावर ठेवू नकोस.